चटणी डावीकडे

बेबी वेलकरला बासष्टाव्या वर्षापर्यंत डावं-उजवं धड कळलं नाही, आणि त्याची तिला फारशी लाजही नव्हती. टॅक्सीत बसली की ती तोंडानं "लेफ्ट" म्हणायची आणि हात उजवीकडे दाखवायची. शाळेत कवायतीच्या बाईंनी तिच्या डाव्या मनगटाला लाल दोरा बांधून बघितला, तर दोरा कशासाठी बांधलाय तेच ती विसरली. नवरा मनमोहन चाळीस वर्षं या गोष्टीवर आपली करमणूक करून घेत आला होता. गिरगावातल्या त्यांच्या घरी पाहुणे आले की तो हमखास सांगायचा, "हिला चौपाटीचा रस्ता विचारू नका, भायखळ्याला पोचाल."

एका जागी मात्र तिची बाजू कधी चुकली नाही, ती म्हणजे ताट. वर मधोमध मीठ. डाव्या अंगाला लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजव्या अंगाला भाजी आणि आमटीची वाटी. नवी सून होऊन आली त्याच आठवड्यात सासूबाईंनी बजावलं होतं, "समोर उभं राहून वाढायचं, पण बघायचं जेवणाऱ्याच्या बाजूनं." बेबीनं सासूबाईंचं बाकी बरंच ऐकलं नाही, हे एवढं ऐकलं. मासे असोत की उपास सोडायचा असो, चटणीची जागा चटणीची आणि भाजीची भाजीची.

आणि म्हणूनच मनमोहनचे डोळे जायला लागले ते घरात कुणाला कळलं नाही. ताटात कुठं काय आहे ते बघावं लागतच नव्हतं. हात आपोआप जायचा.

कळलं ते श्रावणातल्या एका सोमवारी. बेबीची कंबर धरली होती म्हणून नात उर्वीनं पानं वाढली. उर्वीचे आईबाप दादरला राहत, पण कॉलेज जवळ पडतं म्हणून ती आजी-आजोबांकडेच असायची. पोरगी हुशार, पण हुशार पोरींना ताट कोण शिकवतं? ती टेबलाच्या पलीकडे उभी राहिली आणि आपल्या डाव्या हाताला चटणी, उजव्या हाताला भाजी वाढून मोकळी झाली. समोर बसलेल्या आजोबांचं सगळं ताट उलटं. वर पाणी ठेवायला विसरली ते वेगळंच. त्या दिवशी माठाची पालेभाजी होती, हिरवीगार. चटणीही हिरवीगार, ओल्या मिरच्यांची आणि आल्याची, नुसता वास घेतला तरी शिंक यावी अशी.

मनमोहननं पोळीचा तुकडा मोडला आणि उजवीकडचा भला मोठा गोळा उचलून तोंडात घातला. बेबी "अहो" म्हणेपर्यंत तोंड मिटलं होतं. आधी त्याचे कान लाल झाले, मग कपाळावर घाम आला. त्यानं सावकाश चावलं, गिळलं, आणि म्हणाला, "छान झालीय भाजी." मग उरलेला गोळाही संपवला. पाणी त्यानं मागितलं नाही.

बेबी आत जाऊन ओट्याला धरून उभी राहिली. तिला रडू आलं होतं आणि रागही आला होता, आणि दोन्हींत जास्त कुठलं ते ठरवता येत नव्हतं.

मग तिनं डोळे उघडे ठेवायला सुरुवात केली. त्याच्या कपाटात रुमालांच्या घडीखाली औषधाच्या थेंबांची बाटली आणि तिचं रिकामं खोकं सापडलं. केमिस्टला ते खोकं दाखवलं तर तो म्हणाला, काचबिंदूचे थेंब, अजिबात चुकवू नका म्हणावं. म्हणजे हा गृहस्थ एकटा डॉक्टरकडे जात होता, एकटा थेंब घालत होता आणि एकटाच अंधारात चालला होता. तिनं बाटली होती तशी ठेवली. ती विचारू शकली असती, नाही असं नाही. पण फोर्टमधल्या सॉलिसिटरच्या कचेरीत छत्तीस वर्षं मॅनेजिंग क्लार्क राहिलेल्या माणसाला तुझ्या दप्तरात काय आहे असं पोरासारखं कसं विचारायचं? रस्ता ओलांडताना आजवर तो दुसऱ्याचा हात धरत आला होता. आपला हात त्यानं कुणाला धरू दिला नव्हता. सांगायचं तर त्यानं आपणहून सांगायला हवं, असं बेबीनं ठरवलं. नवरा-बायको दोघं ताकाला जाऊन भांडं लपवत होती.

ती खुर्च्या इकडच्या तिकडे होऊ देईना. जिन्यातला दिवा तिनं स्वतःच्या पैशानं मोठा बसवला. पाला हा मनमोहनचा जीव की प्राण असलेला मासा, पण त्यात केसासारखे काटे, म्हणून तो तिनं आणायचाच बंद केला. दोन-तीनदा तो म्हणाला, "हल्ली पाला येत नाही का गं बाजारात?" ती म्हणाली, "येतच नाही." तो म्हणाला, "बरोबर आहे, खाड्याच राहिल्या नाहीत." आणि दोघं मुकाट्यानं सुरमई खात राहिली.

पण मनमोहन एकेक गोष्ट सोडत चालला. गणपतीत मंडळात गेला नाही, म्हणाला, गर्दी फार. दिवाळीत पेपर सुटला, म्हणाला, सगळं तेच तेच असतं. मग संध्याकाळचं कॅरम सुटलं, म्हणाला, पोरं आरडाओरडा करतात. प्रत्येक सुटलेल्या गोष्टीला एक चोख कारण, कचेरीतली सवय. बेबीला दिसत होतं की असंच चाललं तर उन्हाळ्यापर्यंत हा खिडकीतल्या खुर्चीत बसेल आणि मग उठणार नाही.

उरली होती ती सोंगांची दौड. वाडीजवळच्या व्यायाम मंडळाची ही जानेवारीतल्या एका रविवारची दौड. ठाकूरद्वारपासून प्रार्थना समाज आणि तिथून वळून चौपाटी, एवढाच पल्ला. पळायचं कमी, दाखवायचं जास्त. मनमोहन सोळा वर्षं एकही न चुकवता पळाला होता. एकदा लाल पोस्टाची पेटी होऊन, एकदा थर्मास होऊन, एकदा तर दोन तोंडांचा टेबलफॅन होऊन, ज्याची पाती वाऱ्यानं खरंच फिरली होती. रस्त्यातली माणसं त्याची वाट बघत. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मंडळाचा सेक्रेटरी यशोधन नाव घ्यायला आला तेव्हा मनमोहन म्हणाला, "यंदा गुडघे कुरकुरतायत रे. यंदा नको."

गुडघे ठणठणीत होते. बेबीनं चहाचा कप टेबलावर जरा जोरातच ठेवला.

तिला कल्पना सुचली ती उर्वीच्या फोनमुळे. उर्वीची मैत्रीण कुठंतरी जाऊन विमानातून उडी मारून आली होती आणि त्याचा व्हिडिओ उर्वी सगळ्यांना दाखवत होती. बेबीनं चष्मा लावून नीट पाहिलं. "ही दोघं एकमेकांना बांधलेली का आहेत गं?"

"आजी, पहिल्यांदा उडी मारणाऱ्याला एकटं सोडत नाहीत. शिकवणारा मागे असतो, शिकणारा पुढे. पट्ट्यांनी अडकवतात. टॅन्डम म्हणतात त्याला."

रात्रीच्या जेवणाला बेबीनं जाहीर केलं, "मला दौडीत पळायचंय."

मनमोहन हसला. चार महिन्यांत पहिल्यांदा इतकं मनापासून हसला. "तू? तू तर बसमागेही पळत नाहीस."

"म्हणूनच. एकटीला जमणार नाही मला. आपण ते विमानातनं उडी मारणारे होऊ. तुम्ही शिकवणारे, मी शिकणारी. तुम्ही मागे, मी पुढे. पट्ट्यांनी बांधून घेऊ."

तो ताटाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. पुढे बायको, मागे आपण, मधे पट्टा. मागच्याला काही बघावं लागत नाही, हे त्याला समजायला वेळ लागला नसणार. पण तो म्हणाला एवढंच, "आता तुझी एवढी हौस आहे तर... गुडघ्यांचं बघू."

मग घरात चैतन्य आलं. बेबीनं सहा जुन्या छत्र्या फोडून त्यांच्या कापडाचं रंगीबेरंगी पॅराशूट शिवलं, आणि उर्वीनं ते वेताच्या कड्यावर ताणून दोघांच्या डोक्यावर उभं राहील असं मनमोहनच्या पाठीवर बसवलं. गॅरेजवाले घालतात तसे निळे अंगरखे आणले. मनमोहनला काळा गॉगल मिळाला, त्यामुळे तो भलताच खूश झाला; गॉगलमागे कुणाचे डोळे कुठं बघतायत कोण पाहतंय? पट्टे नाक्यावरच्या कोंडीरामनं करून दिले. कोंडीराम शाळेची दप्तरं आणि प्रवासी बॅगा दुरुस्त करायचा. त्यानं बेबीला सांगितलं, "वैनी, लोखंडी कडी लावतो, हत्तीनं ओढली तरी सुटायची नाही." पण मनमोहनला खटकन उघडणारी प्लॅस्टिकची कडी हवी होती, खऱ्या उडीवाल्यांना असते तशी. हौसेला मोल नसतं, आणि अक्कलही नसते.

गच्चीवर दोघं सराव करायची. मधे हातभर पट्टा. बेबीनं हळूच एक भाषा तयार केली. रस्त्यात खड्डा आला की ती म्हणणार, "हवेची पोकळी!" गतिरोधक असला की, "ढग आला, पाय उचला!" मनमोहन तिला तशाच सुरात उत्तर द्यायचा, "शाबास, उंची सांभाळा!" दोघंही खेळत होती, आणि हा खेळ नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. फक्त दुसऱ्याला ठाऊक आहे की नाही, हे विचारायचं धाडस होत नव्हतं.

रविवारी सकाळी सातला ठाकूरद्वारच्या नाक्यावर नुसती जत्रा होती. एक जण बर्फाचा गोळा, दोघी जणी मिळून एक शिलाई मशीन, आणि एक धिप्पाड गृहस्थ लाल गॅस सिलिंडर होऊन आलेले. वेलकर नवरा-बायको आली तशी टाळी पडली. यशोधन माइकवरून ओरडला, "मनमोहनदादा यंदा थेट आभाळातून!" मनमोहननं आवाजाच्या दिशेनं झोकात सलाम ठोकला. बेबीनं मागे वळून पाहिलं. त्याची मान ताठ होती, खांदे सैल होते. पोस्टाची पेटी झाला होता तेव्हा दिसला होता तसा दिसत होता. नुसतं एवढ्यासाठीसुद्धा पळायला हरकत नाही, असं तिला वाटलं.

शिट्टी झाली आणि ती निघाली. बेबी पळाली म्हणजे काय, भराभर चालली. "पोकळी!" "ढग!" "शाबास!" गॅलऱ्यांमधून माणसं ओरडत होती, खाली दूधवाले सायकली थांबवून बघत होते. बेबीला धाप लागली, पण मागून पट्ट्याची ओढ लागत होती आणि ती ओढ तिला आवडत होती. चाळीस वर्षांत ती पहिल्यांदाच त्याच्या पुढे चालत होती.

प्रार्थना समाजाच्या वळणाला घोटाळा झाला. तिथं कुठल्याशा कामासाठी रस्त्याच्या एका बाजूला पत्रे ठोकले होते, आणि पत्र्यांच्या लोखंडी चौकटी उघड्या बाहेर आलेल्या. अरुंद जागेत मागून सिलिंडरवाले गृहस्थ घुसले. त्यांना काही स्वतःचे पाय दिसत नव्हते. ते सरळ दोघांच्या मधल्या पट्ट्यावर आदळले, खटकन कडी उघडली, आणि मागून आलेल्या लोंढ्यानं बेबीला वीसेक पावलं पुढे रेटत नेलं.

ती कशीबशी कडेला झाली आणि वळली. मनमोहन रस्त्याच्या मधोमध उभा होता. पॅराशूट एका बाजूला कललं होतं. हात अर्धवट वर आलेले, समोरची हवा चाचपडायची की नाही हे न ठरलेले. तो हाक मारेल म्हणून ती थांबली. त्यानं हाक मारली नाही. हात खाली घेतले, छाती पुढे काढली आणि जणू ठरल्याप्रमाणे चाललोय अशा थाटात चालू लागला, नेमका पत्र्यांच्या दिशेनं.

"अहो, डावीकडे!" बेबी जिवाच्या आकांतानं ओरडली. "डावीकडे वळा!"

मोकळा रस्ता तिच्या डावीकडे होता. पण ती त्याच्याकडे तोंड करून उभी होती. तो आज्ञाधारकपणे आपल्या डावीकडे वळला आणि लोखंडी चौकटीवर त्याचा खांदा धाडकन आपटला. लोक हसले. सोंगच आहे असं त्यांना वाटलं. मनमोहन हसला नाही. तो पत्र्याला टेकून उभा राहिला, आणि त्याचा चेहरा बेबीनं कधी बघितला नव्हता असा झाला. आता पाऊल कुठं टाकायचं ते त्याला कळत नव्हतं, आणि ते कबूल करायचंही कळत नव्हतं.

बेबीनं आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. कुठला डावा, कुठला उजवा, साऱ्या जन्मात कधी कळलं नव्हतं ते आता काय कळणार? आणि मग तिला दिसलं ते टेबल. ती समोर उभी आहे, तो पलीकडे बसलाय, मधे ताट आहे.

"भाजीकडे!" ती ओरडली. "अहो, भाजीकडे वळा!"

मनमोहन थबकला.

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. ती काय सांगतेय ते त्याला कळलं, आणि तिला किती ठाऊक आहे तेही. क्षणभर तो पत्र्यावरचा हात काढायला तयार होईना. आता हा रागावेल, इथूनच एकटा घरी जाईल, आणि खिडकीतली ती खुर्ची. मग तो सावकाश आपल्या उजवीकडे वळला.

"बास! आता मीठ. सरळ मीठ!"

तो सरळ चालू लागला. रस्ता मोकळा होता.

"थोडी चटणी... चटणी, चटणी, बास! मीठ!"

कडेची माणसं पोट धरून हसत होती. कुणीतरी ओरडलं, "आजोबांना भूक लागलीय, नाश्ता द्या!" कुणी टाळ्यांचा ठेका धरला. त्या टाळ्यांमधून मनमोहन वेलकर मिठाच्या रेघेवरून एक पाऊल न चुकता बायकोपर्यंत आला. त्याचा हात तिच्या खांद्यावर पडला आणि तिथंच राहिला.

"कधीपासून?" त्यानं हळूच विचारलं.

"श्रावणातल्या त्या सोमवारपासून. उर्वीनं उलटं वाढलं आणि तुम्ही सगळी चटणी खाऊन भाजी छान झालीय म्हणालात."

"आग पडली होती तोंडात. रात्रभर झोपलो नाही. आणि तू साधं पाणीसुद्धा दिलं नाहीस."

"तुम्ही मागितलं नाहीत," बेबी म्हणाली. "मागितलं असतंत तर घागर आणली असती. पाच महिने वाट बघतेय मी, तुम्ही कधी मागताय त्याची."

मनमोहननं गॉगल वर केला, डोळे पुसले आणि गॉगल पुन्हा खाली घेतला. मग अंगरख्यावर लोंबणारा पट्टा चाचपून त्याचं टोक तिच्यापुढे धरलं. बेबीनं ते घेतलं नाही. पट्टा बाजूला सारून तिनं त्याचा हातच धरला, भर रस्त्यात, अख्ख्या गिरगावासमोर. त्यानं धरू दिला.

ती दोघं सगळ्यात शेवटी चौपाटीला पोचली. सिलिंडरवाले गृहस्थ चहा पिऊन घरीसुद्धा गेले होते. यशोधन माइक घेऊन पुढे आला, "काय दादा, सोळा वर्षांत असा उशीर नाही. पॅराशूट उघडलं नाही की काय?"

मनमोहननं माइक कुठं आहे ते हातानं शोधलं. "यशोधन, मला दिसत नाही रे. बरेच दिवस झाले. हिनं आणलं म्हणून आलो." मग त्याला वाटलं असावं की फारच गंभीर झालं, म्हणून तो पुढे म्हणाला, "आणि हिला डावं-उजवं कळत नाही. तेव्हा आम्ही पोचलो हेच खूप आहे."

कुणी हसलं नाही. मग यशोधननं टाळी वाजवली आणि सगळ्या सोंगांनी वाजवली, आणि ती बराच वेळ वाजत राहिली.

दुपारी घरी पाला होता. बेबी येताना बाजारातून घेऊनच आली होती. दादरहून मुलगा राजस आणि सून आली होती. उर्वीनं फोन करून दोघांना सगळं सांगितलं होतं. राजसनं आल्या आल्या दवाखाना, ऑपरेशन, दुसऱ्या डॉक्टरचं मत, असं बरंच काही काढलं. मनमोहन म्हणाला, "सगळं करू. आधी जेवू."

ताट बेबीनंच वाढलं. पण आज ती समोर बसली नाही. खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली आणि तळलेल्या पाल्याचे काटे एकेक करून काढू लागली, लपवाछपवी न करता, सगळ्यांच्या देखत.

"बाजारात यायला लागला वाटतं पाला?" मनमोहननं विचारलं.

"आजपासून," ती म्हणाली.

तो हसला. भाकरीचा तुकडा मोडला. मग त्याचा हात, चाळीस वर्षांत एकदाही न चुकलेला तो हात, मुद्दाम डावीकडे गेला. चटणीचा अख्खा गोळा त्यानं उचलला आणि तोंडात घातला.

"आजोबा!" उर्वी किंचाळली. "ती चटणी आहे!"

"माहीत आहे," मनमोहन म्हणाला. त्याचे कान लाल व्हायला लागले होते. त्यानं बेबीच्या बाजूला तोंड वळवलं आणि हात पुढे केला.

"बेबी, पाणी दे."